शनिवारचं प्रकरण

बाईंची वरची खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, संध्याकाळी किती वाजता परत येणार तेही विचारलं नाही. दारातच उभं करून म्हणाल्या, "मोबाईलवर मराठी टाईप येतं का?"

"येतं की."

"'मूर्च्छा' लिहून दाखव."

मी बॅग खाली न ठेवताच लिहून दाखवलं. बाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, जोडाक्षर नीट जुळलंय का ते पाहिलं आणि किल्ली हातात दिली. "माझ्या गोष्टीत कुणी मूर्च्छा येऊन पडत नाही," त्या म्हणाल्या, "पण लिहिता आलं पाहिजे."

मी टेंभुर्णीची. सोलापुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले होते. सकाळी घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं आणि दुपारी रिपोर्ट करायचे. बाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीला टेकलेल्या. ख्रिस्ती वस्तीत त्यांचं दगडी बैठं घर होतं. वर पत्र्याची एक खोली, ती माझी. बाईंना जाऊन आता दोन वर्षं होतील. मी पुण्यात असते. पण कुणी मला सोलापूरबद्दल विचारलं की मला आधी त्या घराची ओसरी दिसते आणि डोक्यावर ओला टॉवेल टाकून येरझाऱ्या घालणाऱ्या बाई.

बाई प्रेमकथा लिहायच्या. गोष्टी वाचायच्या एका ॲपवर, टोपणनावानं, आठवड्याला एक प्रकरण. म्हणजे त्या सांगायच्या आणि मी टाईप करायचे. टॉवेल उन्हाळ्यात डोकं थंड राहावं म्हणून असेल असं मला आधी वाटलं, पण तो डिसेंबरातही असायचा. कोरडा टॉवेल असला की नायिका खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं होतं. चहात कडक भाकरी बुडवून खात खात त्या प्रकरण सांगायच्या, आणि नायिका फार रडायला लागली की तिच्यावर ओरडायच्या. "ऊठ गं बये! किती रडशील? नळाला पाणी यायची वेळ झाली." पाणी चार दिवसांआड यायचं. बाईंच्या नायिकांच्या गावातही चार दिवसांआडच यायचं.

संध्याकाळच्या प्रार्थनेत बाई वस्तीतल्या आजारी माणसांची नावं घ्यायच्या आणि त्यांच्याच जोडीला आपल्या पात्रांचीही. एकदा त्यांनी चर्चमध्ये प्रार्थनेच्या विनंत्यांत चिठ्ठी टाकली: "सुलभा नावाच्या बहिणीसाठी. ती फार मोठ्या संकटात आहे." पाळकसाहेबांनी ती वाचली आणि सगळ्या मंडळीनं डोळे मिटून सुलभेसाठी प्रार्थना केली. उपासना सुटल्यावर महिला मंडळाच्या दोघी-तिघी बाईंना गाठून विचारायला लागल्या, सुलभा कोणत्या दवाखान्यात आहे, डबा पोचवायचा का.

"दवाखान्यात कुठली," बाई म्हणाल्या, "तेविसाव्या प्रकरणात आहे."

बायका चिडल्या. महिन्याभरानं पाळकसाहेब घरी आले. बाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही खोट्या बाईसाठी प्रार्थना केली असं वाटतंय ना तुम्हाला? सुलभा खोटी असेल. संकट खोटं नाही." पाळकसाहेब चहा पिऊन गेले. मी तेव्हा जिन्यात बसून हसत होते. ती चिठ्ठी कोणत्या रविवारी टाकली होती याचा विचार मी त्या वेळी केला नाही.

बाईंच्या गोष्टींचे कायदे होते. नायिका मरायची नाही. वाईट माणसाला गाडीखाली घालायचं नाही. "अपघात हा आळशी लेखकाचा देव," असं त्या म्हणत. आणि प्रत्येक गोष्टीत शेवटाच्या जरा आधी एक प्रकरण यायचंच, ज्यात सगळं संपलेलं असायचं. त्याला त्या शनिवारचं प्रकरण म्हणायच्या. मला वाटलं, ते ॲपवर शनिवारी टाकायचं असेल. तसं विचारलं तर बाईंनी भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट केलं.

"शुक्रवारी त्याला मारलं. रविवारी तो उठला. मधला वार कुठला?"

"शनिवार."

"त्या दिवशी काय झालं?"

आमचं घर बौद्ध. मला काय माहीत. मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही. तेच तर. शुक्रवारी माणसं निदान रडत होती, पळत होती. शनिवारी कबरीला दगड लागलेला, सोबतचे सगळे दारं लावून बसलेले, आणि देव गप्प. उद्या रविवार आहे हे आपल्याला ठाऊक आहे गं. त्यांना कुठं ठाऊक होतं? त्यांना वाटत होतं, आता रोज हेच." मग त्या म्हणाल्या, "शुक्रवार सगळे लिहितात. रविवार तर कुणीही लिहील. शनिवार लिहिता आला पाहिजे."

त्या घरात आणखी एक माणूस आहे हे मला पाचव्या दिवशी कळलं. ओसरीला लागून असलेल्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत खाटेवर एक उंच, हाडं वर आलेला म्हातारा टेकून बसवलेला. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेल्या वस्तूसारखा. बाई त्याचे केस विंचरत होत्या. भांग नीट पडेना तर पुन्हा पाणी लावून विंचरलं. पण तोंडातून एक शब्द नाही. ना बाईंच्या, ना त्याच्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "ते कोण?"

"खोलीतले," बाई म्हणाल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

त्या त्यांना नेहमी तसंच म्हणायच्या. "खोलीतल्यांची पेज झाली." "खोलीतल्यांना कूस बदलायचीय, हात लाव जरा." ते बाईंचे यजमान होते, हे मला शेजारच्यांकडून कळलं, आणि उरलेलं पाळकसाहेबांच्या पत्नीकडून.

यजमान तेलुगू विणकर घरातले. टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन काढायचे, चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं एकेक घर भरून. तरुणपणी मराठी लिहायला शिकायचं म्हणून रात्रशाळेत आले, तिथं बाई शिकवायच्या. प्रत्येक गोष्टीला "सरे" म्हणायचे. सरे म्हणजे तेलुगूत 'बरं'. "उद्या शुद्धलेखन आणा." "सरे." "माझ्याशी लग्न कराल का?" हेही म्हणे बाईंनीच विचारलं होतं, आणि उत्तर तेच आलं. त्यांच्या घरच्यांनी त्यांना तोडलं. चर्चमध्ये लग्न झालं. सोळा वर्षं बरी गेली, मूलबाळ झालं नाही. मग एक दिवस ते गेले. गणवेश शिवायच्या कारखान्यात एक बाई होती, तिच्याबरोबर. ती दुधनीची. तिथं तिनं शिलाईचं दुकान काढलं आणि हे तिथं राहिले. सोलापूरहून दुधनी रेल्वेनं तासा-दीड तासावर आहे. एकोणीस वर्षं त्यांनी ना पत्र पाठवलं, ना फोन.

एकोणीस वर्षांनी एका दुपारी दारात टेंपो थांबला. त्यात एका गादीवर यजमान होते. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. सोबत कपड्यांची पिशवी आणि दवाखान्याची फाईल. पाठवणारी आली नव्हती. वस्ती गोळा झाली. सगळ्यांना वाटलं, बाई टेंपो परत पाठवणार. बाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या आणि मग टेंपोवाल्याला म्हणाल्या, "डोकं आधी आत घे. पाय आधी घालू नको, जिवंत आहेत."

तेव्हापासून मी येईपर्यंत तीन वर्षं झाली होती. अंघोळ, लंगोट, औषधं, पेज, पाठीला पावडर, सगळं वेळच्या वेळी. अंगावर एक व्रण पडू दिला नाही त्यांनी. पण तीन वर्षांत त्या त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आणि यजमानांची वाचा गेली तरी एक शब्द शिल्लक होता. मी रक्त घ्यायला सुई काढली की म्हणायचे, "सरे." डास चावला तरी "सरे." दिवसभर दाराकडे बघत पडायचे.

बाईंची प्रार्थना मला खालून ऐकू यायची. रोज संध्याकाळी त्या गुडघे दुखत असूनही खाली बसायच्या आणि शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणायच्या. ऐकून ऐकून ती मला पाठ झाली. मधे एका जागी बाई थांबायच्या, श्वास घेतल्यासारख्या, आणि मग पुढे जायच्या. नाताळला त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेले. सगळे ती प्रार्थना म्हणायला लागले, मीही मनात म्हणत होते, आणि एका ठिकाणी चुकले. तिथं आणखी एक ओळ होती. आमच्यावर अन्याय करणाऱ्यांना आम्ही जशी क्षमा केली तशी आम्हाला कर, अशा अर्थाची. मी बाजूला पाहिलं. बाईंचे ओठ मिटलेले होते. ती ओळ संपल्यावर हलायला लागले.

माझी गोष्टही याच घरात घडली, म्हणून सांगते. दिवाळीनंतर माझा साखरपुडा झाला होता. मुलगा अकलूजचा, साखर कारखान्यात केमिस्ट. रोज फोन यायचा. संक्रांतीनंतर यायचा बंद झाला. मी केला तर उचलेना. मग त्याचा थोरला भाऊ टेंभुर्णीला आमच्या घरी आला, दिलेल्या वस्तू ठेवल्या आणि म्हणाला, "योग न्हाय म्हनायचं आन् सोडून द्यायचं." का, ते सांगितलं नाही. आईनं फोनवर मला तेवढंच सांगितलं आणि रडली. "लई मनाला लावून घेऊ नगं पोरी. जेवलीस का न्हाय?"

मी जेवले नव्हते. लॅबमधून रजा घेतली आणि तीन दिवस त्या पत्र्याच्या खोलीत पडून राहिले. मला राग त्याच्या जाण्याचा नव्हता तेवढा कारण न सांगण्याचा होता. माझा रंग, माझं शिक्षण, आमचं घर, मी काय बोलले, सगळं उलटंपालटं करून बघत होते. त्याला भलामोठा मेसेज लिहायचे आणि पुसायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर आवाज आला. बाईंचे गुडघे इतके गेलेले होते की त्या जिना चढायच्याच नाहीत. त्या दिवशी चढल्या. प्रत्येक पायरीला "प्रभू" म्हणत, चौदा वेळा. आत आल्या, माझ्या ट्रंकेवर बसल्या, दम खाल्ला. मला वाटलं आता धीर देतील. म्हणाल्या, "मोबाईल घे. टाईप कर."

"बाई, आज नको."

"सुलभा सकाळी उठली. नळाला पाणी आलं होतं. तिनं तीन हंडे भरले."

मी टाईप केलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तसंच केलं.

"पुढे?"

"चौथा भरला."

"बाई, तिचं लग्न मोडलंय. तिला काय वाटतंय ते लिहायचं नाही का?"

"नाही. ती काय करते ते लिही. वाटणं मागनं येतं, त्याला बोलवायला लागत नाही." मग त्या बराच वेळ माझ्याकडे न बघता बोलत राहिल्या. सुलभेनं पाणी भरलं, केर काढला, भाकरी केली, एक खाल्ली. देवासमोर बसली. त्याच्याकडे काही मागितलं नाही. फक्त म्हणाली, मी इथं आहे.

"आणि देव काय म्हणाला?"

"देव शनिवारी बोलत नाही म्हणून सांगितलं ना तुला."

"मग तिनं बसायचं कशाला?"

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तो गप्प आहे म्हणजे तो नाही, असं नसतं बाळ. मी वर्गात गप्प उभी राहायचे, तेव्हा मुली सगळ्यात जास्त मला ओळखून असायच्या." उठताना म्हणाल्या, "खाली भाकरी आहे. एक खा."

खाल्ली. सुलभेसाठी मंडळीत टाकलेली चिठ्ठी माझा साखरपुडा मोडल्यानंतरच्या रविवारची होती, हे मला पाळकसाहेबांच्या पत्नीनं फार उशिरा सांगितलं.

सुलभेचं शनिवारचं प्रकरण वाचणाऱ्यांना फार आवडलं. आता शेवट राहिला होता. नायक परत येणार, स्टेशनवर उतरणार, सुलभेला सगळं सांगणार, माफी मागणार. बाईंच्या प्रत्येक गोष्टीत नायकाचं हे बोलणं असायचंच, आणि ते इतकं सुंदर असायचं की लोक ते उतरवून ठेवायचे. मी टाईप करायला बसले. नायक गाडीतून उतरला. तोंड उघडलं. बाई थांबल्या. टॉवेल पिळून परत डोक्यावर घेतला. "पूस ते," म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा. ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस सुरू झाले होते, बाई एक वेळ जेवायच्या, ऊन वाढत चाललं होतं. ॲपवर वाचणाऱ्या बायका विचारायच्या, ताई, पुढचा भाग कधी? ताई, आजारी आहात का? मी एक दिवस वैतागून म्हटलं, "बोलू द्या ना त्याला. चार वाक्यं तर आहेत."

"काय बोलेल तो?" बाई एकदम माझ्या अंगावर आल्या. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तू सांग ना, काय बोलेल? एकोणीस वर्षं मी त्याची वाक्यं लिहिली, आधी वह्यांत, मग ॲपवर. प्रत्येक गोष्टीत वेगळी. आज हे म्हणेल, उद्या ते म्हणेल. मी चुकलो म्हणेल. मला भूल पडली म्हणेल. तुझ्याशिवाय नाही जमलं म्हणेल. काहीही म्हणाला असता तरी चाललं असतं मला. आणि आला तर काय घेऊन आला? सरे!"

त्या खाली बसल्या. मला इतके दिवस जे कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. त्या सगळ्या गोष्टींमधला तो गोड बोलणारा, पस्तावलेला पुरुष एकच होता आणि तो भिंतीपलीकडे पडला होता.

"पाळक म्हणतात क्षमा करा," त्या हळू म्हणाल्या. "मागणारा तर पाहिजे. मागितल्याशिवाय कुणाच्या हातात ठेवू?"

मलाही अकलूजहून चार वाक्यं हवी होती.

मग गुड फ्रायडे झाला. बाई दुपारभर चर्चमध्ये होत्या. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लॅबमधून मी दुपारी लवकर आले. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालं होतं आणि लाईट गेलेली. माझी खोली म्हणजे तवा. ओसरीवरही बसवेना. सगळ्या घरात थंडावा होता तो फक्त यजमानांच्या खोलीत, तिथल्या भिंती जाड. मी म्हटलं, "बाई, आत बसू या का?"

बाई दारापाशी घुटमळल्या. कामाव्यतिरिक्त त्या त्या खोलीत कधी थांबत नसत. मग गेल्या आणि खाटेकडे पाठ करून खुर्चीवर बसल्या. मी जमिनीवर. यजमान दाराकडे बघत होते.

"लिही," बाई म्हणाल्या. "तो गाडीतून उतरला. त्यानं तोंड उघडलं. त्याला बोलता आलं नाही. सुलभा म्हणाली, तू बोलू नकोस. तू काहीही बोललास तरी मला पुरणार नाही."

आणि खाटेवरून आवाज आला. "सरे."

बाई उठल्या. खुर्ची मागे पडली. "काय सरे?" त्या वळून म्हणाल्या. यजमान परत आल्यापासूनचा हा बाईंचा त्यांच्याशी पहिला शब्द. "काय सरे रे? काय सरे? न सांगता गेलास, सरे? आई गेली माझी, खांदा द्यायला शाळेचा शिपाई आणला, सरे? दुधनी! अरे, मुंबईला जायचंस, परदेशी जायचंस, लोकांना सांगायला तरी बरं वाटलं असतं. तासाभरावर होतास तू. मी स्टेशनवर जाऊन बसायचे. वेडी म्हणायचे लोक. तिकडची गाडी आली की उतरणाऱ्या माणसांची तोंडं बघायचे. एकदा तरी यायचंस. भांडायला यायचंस. चालता येत होतं तेव्हा आला नाहीस, आणि गाठोडं होऊन आलास!"

मी दारात जाऊन उभी राहिले. थांबवावं की नाही कळेना. बाई मराठीत बोलत होत्या, मधेच तेलुगूत बोलत होत्या, त्यांना तेलुगू येतं हेही मला माहीत नव्हतं. खाटेची कड दोन्ही हातांनी धरली होती. यजमानांनी चांगला असलेला डावा हात वर केला. मला वाटलं मार चुकवायला केला. त्यांनी तो आपल्या तोंडावर ठेवला आणि त्यामागून त्यांचा आवाज येत राहिला, सरे, सरे, सरे. मोठ्या माणसाचं असं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

किती वेळ ते चाललं सांगता येणार नाही. बाईंचा आवाज बसत गेला. शेवटी त्या खाटेच्या कडेला टेकल्या, धापा टाकत. मग म्हणाल्या, "पाणी पितोस?"

"सरे."

त्यांनी मान उचलून पाणी पाजलं. हनुवटीवरून ओघळलं ते पुसलं. मला म्हणाल्या, "मोबाईल आहे ना हातात? कुठं होतो आपण?"

सुलभेच्या गोष्टीत शेवटी नायकानं माफी मागितली नाही. सुलभेनं त्याच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, "घरी चल. माझा राग आहे तुझ्यावर. तो जाईल असं वाटत नाही. पण चल." एवढंच. वाचणाऱ्या बायका भडकल्या. हा काय शेवट? हिरोनं साधं सॉरी नाही म्हटलं! ताई, बदला हा शेवट. बाईंनी मला प्रत्येकीला एकच उत्तर लिहायला लावलं: "त्याला जमत नव्हतं." एका बाईनं मात्र लिहिलं होतं, "माझ्या घरी पण असेच आहेत." ते बाईंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, आणि त्या बाईचं नाव प्रार्थनेच्या यादीत गेलं.

त्या शनिवारी संध्याकाळी मी जिन्यात बसून प्रार्थना ऐकली. बाई त्या जागी आल्या, थांबल्या, आणि ती ओळ म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ईस्टर. चर्चमध्ये गाणी, फुलं, अंडी. संध्याकाळी घरी प्रार्थना झाली तेव्हा ती ओळ पुन्हा गळाली.

मी न राहवून विचारलं. त्या चिडल्या नाहीत. "काल दिली ती कालची," त्या म्हणाल्या. "आज सकाळी त्याचा लंगोट बदलताना पुन्हा सगळं आठवलं. रोजची रोज द्यावी लागते गं. कधी असते माझ्याकडे, कधी नसते. नसली की देवाला सांगते, आज नाही, उद्या बघ."

पुढचे पाच महिने हे असंच चाललं. काही संध्याकाळी ओळ असायची, काही संध्याकाळी नसायची. पण खोलीतून बोलणं ऐकू यायला लागलं. बाई त्यांना पेपर वाचून दाखवायच्या, भाजी महाग झाल्याचं सांगायच्या, मधेच जुनं काढून फाडफाड बोलायच्या. 'खोलीतले' म्हणणं मात्र त्यांनी सोडलं.

माझ्यापुरतं सांगायचं तर अकलूजची चार वाक्यं मला मिळाली नाहीत. पुढे दोन वर्षांनी टेंभुर्णीच्या स्टँडवर तो दिसला, बायको बरोबर होती. तो पुढे आला, म्हणाला, "तुला सांगायचं होतं—" माझी गाडी लागली होती. मी म्हटलं, "राहू दे," आणि चढले. ती क्षमा होती की घाई, मला अजून माहीत नाही.

यजमान भाद्रपदात गेले. सकाळी पेज घेऊन बाई गेल्या तेव्हा श्वास लागला होता, तासाभरात संपलं. चर्चची दहा-बारा माणसं होती. त्यांचा एक भाऊ आला, तो कबरस्तानाच्या फाटकाबाहेरच उभा राहिला आणि तिथूनच परत गेला. रस्त्यावर गणपतीच्या लेझीमचा सराव चालला होता, त्या आवाजात पाळकसाहेबांचं अर्धं बोलणं ऐकू आलं नाही. बाईंनी माती टाकली. डोळे कोरडे होते. घरी येऊन त्यांनी खोली धुतली आणि खाट उन्हात टाकली.

आठ दिवसांनी एक बाई फाटकापाशी येऊन उभी राहिली. साठीची असेल, कमरेत वाकलेली, हातात केळ्यांची पिशवी. मी विचारलं, कोण पाहिजे? तिनं सांगितलं नाही. बाई ओसरीवर आल्या, दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

"आत या," बाई म्हणाल्या.

ती उंबऱ्याच्या अलीकडेच बसली. "अक्का," ती म्हणाली, तिच्या मराठीला कानडीचा हेल होता, "तोंड दाखवायला जागा न्हाय मला. पन कळलं तसं राहवंना. दोन वर्सं केलं त्येंचं. मग माझी कंबर गेली, उचलवंना. दुकान बंद पडलं. टेंपोत घातलं त्येस्नी आन् दार लावून बसले. त्या दिवसापासनं झोप न्हाय." तिनं बाईंकडे न बघता विचारलं, "माझं नाव काढलं का कदी?"

मी बाईंकडे पाहिलं. यजमानांना बोलताच येत नव्हतं, एवढं सांगितलं तरी ते खरंच होतं. बाईंनी तिच्या हातातली पिशवी घेऊन बाजूला ठेवली.

"दाराकडे बघत असायचे," त्या म्हणाल्या. "कुणाची वाट बघत होते ते मला कळलं नाही. तुमचीही असेल."

ती कोसळल्यासारखी रडायला लागली. बाईंनी रडू दिलं. मग तिला जेवायला वाढलं, आंबट चालतं का विचारून. ऊन उतरल्यावर आम्ही तिघी कबरस्तानात गेलो. माती अजून ओली होती, वर लाकडाचा क्रूस. ती बाई तिथं जमिनीवर बसली आणि त्यांना काही काही कानडीत सांगत पुन्हा रडली, मातीवर हात फिरवत. बाई बाजूला काठी टेकून उभ्या. नंतर त्यांनीच तिला हात देऊन उठवलं. दोघीही धड चालू शकत नव्हत्या. दोघी एकमेकींना धरून फाटकापर्यंत आल्या.

तिला दुधनीच्या गाडीत बसवून आम्ही रिक्षानं परत निघालो. बाई म्हणाल्या, "ती रडली बघ. मला आलं नाही रडायला. त्या दिवशी नाही, आज नाही. बरं झालं आली ती. कुणीतरी रडायला पाहिजे होतं त्याच्यासाठी."

सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, लावला, परत काढला. मी बाहेर बघत बसले. घर येईपर्यंत त्यांनी तो पुन्हा लावला नाही.